झेंडूवाल्याच्या मांडवात प्लॅस्टिकची फुले!

लग्नसराई आली की फुलाला भाव येतो, असे आपण बापजाद्यांपासून ऐकत आलो. आता मांडव मोठे झाले, कमानी उंच झाल्या, पण त्या मानाने शेतातले फूल काही उठत नाही. मधली जागा प्लॅस्टिकने घेतली. मागे एका लग्नाला गेलो होतो. यजमानाचा स्वतःचा वीस गुंठे झेंडू, तोही तोडणीला आलेला. आणि कमानीवर? झेंडूच, पण प्लॅस्टिकचा! विचारलं तर म्हणाले, "साहेब, डेकोरेशनवाल्याला एकरकमी ठरवून दिलंय. त्यानं लावलं ते लावलं."

सारी गोम या 'एकरकमी'त आहे. प्लॅस्टिकचे फूल एकदा घेतले की सगळा हंगाम या मांडवातून त्या मांडवात फिरते. खरे फूल प्रत्येक लग्नाला नवे घ्यावे लागते. चिठ्ठीवर नुसते 'फुलांची सजावट' लिहिले असेल, तर डेकोरेशनवाला स्वस्तातले लावणारच. त्याला दोष देऊन काय उपयोग?

१ जुलै २०२२ पासून देशात एकदा वापरून टाकायच्या काही प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी आली. त्या यादीत सजावटीचा थर्माकोल होता, प्लॅस्टिकची फुले नव्हती. फूलउत्पादकांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. जुलै २०२५ मध्ये विधानसभेतही हा प्रश्न आला आणि फलोत्पादनमंत्री भरत गोगावले यांनी बंदीचे आश्वासन दिले. पण कायदा कितीही कडक झाला, तरी आपल्या मांडवात काय लावायचे हे शेवटी पैसे देणाराच ठरवतो.

तेव्हा इसार देण्याआधी चिठ्ठी नीट लिहून घ्या. कोणते फूल, किती किलो, किती गड्ड्या, कुठे लावणार आणि किती वाजता लावणार. जरबेऱ्याची गड्डी दहा फुलांची, डच गुलाबाची वीस नगांची, हे माहीत असले की मोजता येते. झेंडूचा अंदाज काढायला सोपी युक्ती आहे. एक मीटर माळ घरी ओवा, तिचे वजन करा, मग कमान, खांब आणि दाराची लांबी मोजून गुणा. बायाबापड्यांना हा हिशेब पाच मिनिटांत जमतो.

फूलही हंगामाचे निवडा. शेवंती ही लहान दिवसांची. ती थंडीत मुबलक येते, वैशाखात तिचा हट्ट धरला तर खिसा कापला जातो. उन्हाळ्यात मोगरा आहे, गुलछडी आहे. हारासाठी गुलछडी एकेरी घ्या, तिला वास असतो आणि कळीही चांगली ओवली जाते. जरबेरा पॉलिहाऊसमुळे बारमाही मिळतो, पण दांडा पाण्यात किंवा पाणी धरणाऱ्या हिरव्या फोममध्ये खोचला नाही, तर भर उन्हात मान टाकतो. दुपारच्या मुहूर्ताला रात्रीच सजावट उरकणारा डेकोरेशनवाला असेल, तर आधीच बोलून घ्या.

त्याहून बरे म्हणजे झेंडू, गुलछडी शेजारच्या शेतातून घ्यावी आणि डेकोरेशनवाल्याला फक्त बांधणावळ द्यावी. मालकाचे मोटारभाडे आणि हमाली वाचते, यजमानाला ताजे फूल मिळते. तोडणी सकाळी लवकर करा, ओले फूल ढिगात दाबू नका, सावलीत पसरा. मात्र इथे दोघांनीही शब्द पाळायला हवा, आणि घोडे अडते ते इथेच. मोठ्या तिथीला बाजार चढला की मालक माल बाजारात नेतो. बाजार पडला की यजमान ठरलेला दर खाली पाडू बघतो. दर आधी ठरवा, थोडा इसार घ्या, आणि मग बाजाराकडे बघू नका.

ज्या ग्रामपंचायती समाजमंदिर लग्नाला भाड्याने देतात, त्यांच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी भाड्याच्या पावतीवर 'प्लॅस्टिकची फुले लावू नयेत' ही अट ग्रामसभेच्या ठरावाने घालायला हरकत नाही. खर्च काही नाही.

उत्पादकांनी लागण पंचांग बघून करावी. झेंडू लागणीपासून साधारण ५० ते ६० दिवसांत तोडणीला येतो, शेंडा खुडला तर आणखी थोडा उशीर. तुळशीच्या लग्नानंतरच्या तिथी धरायच्या तर सप्टेंबरात रोप शेतात हवे. २०२६ साली ज्येष्ठ अधिक आहे, १७ मे ते १५ जून. अधिक महिन्यात लग्ने होत नाहीत. म्हणजे मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यातली लागण त्या साली नेमकी मुहूर्त नसलेल्या महिन्यात फुलते. फेब्रुवारीतली लागण मात्र एप्रिलच्या तिथींना सापडते.