पंधराव्या वर्षी भंगार, पन्नासाव्या वर्षी वारसा

दिवाळीत ताईचा मुलगा आला होता. फराळ झाला, मोठी माणसं आतल्या खोलीत गेली, तसा तो माझ्याजवळ सरकला आणि हळूच मोबाईल पुढे केला. स्थळाचा फोटो दाखवावा तसा. होंडा सिटी, व्हीटेक, २००३ चं मॉडेल, काळा रंग. "मामा, एक लाख सत्तर म्हणतोय. बारामतीची पार्टी आहे." पोरगाही २००३ चाच. दोघं एकाच वर्षाचे.

ज्यांना गाड्यांतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दीड लिटरचं इंजिन आणि १०६ अश्वशक्ती, तेही त्या काळात जेव्हा आपल्याकडे मारुती ८०० वाला स्वतःला सुखी समजत असे. आजही या गाडीचं नाव काढलं की चाळिशीतले गृहस्थ क्षणभर गप्प होतात.

बातमी अर्थातच फुटली. मग रात्री जेवताना खटला उभा राहिला. दाजी म्हणाले, त्यात थोडी भर घाल आणि नवी घे की हप्त्यावर. ताई म्हणाली, भंगार कशाला आणतोस घरात. आमचे अण्णा काहीच बोलले नाहीत. आणि आरोपीने काय केलं? स्वतःच्या बचावात सांगितलं, की गाडी आणल्याबरोबर तो तिला मोठा सायलेन्सर बसवणार, सोळा इंची अलॉय टाकणार आणि बॉनेट काळं मॅट करून घेणार. मी कपाळावर हात मारला. मला त्याची बाजू घ्यायची होती हो, पण त्यानेच ती घालवली.

त्या रात्री जे बोलता आलं नाही ते इथे लिहितोय. दाजी, सरकार आणि भाचा, तिघांचंही मला एकाच कारणासाठी पटत नाही. तिघंही जे दिसतं तेवढंच बघतात.

आधी दाजी. नव्या गाडीचा हिशोब मी त्यांच्यासमोर मांडला नाही, कारण सणाचा दिवस होता. आता मांडतो. आठ लाखांचं कर्ज, साडेनऊ टक्के व्याज, सात वर्षं. हप्ता होतो तेरा हजारांच्या आसपास आणि सात वर्षांत नुसतं व्याज जातं जवळजवळ तीन लाख. म्हणजे पोराने निवडलेली गाडी, ती नीट करायचा खर्च आणि वर दोन-तीन वर्षांचं पेट्रोल, एवढे पैसे आपण बँकेला नुसते वापरभाडं म्हणून देणार. पण तो हप्ता दिसत नाही, दारातली नवी गाडी दिसते. म्हणून तो शहाणपणा, आणि ही उधळपट्टी.

आणि हे कोण बोलतंय? सोलापूरकर! आमचे अण्णा आयुष्यभर पॉवरलूमवर जॉबर होते. माग बिघडला की दुरुस्त करणारा तो जॉबर. लहानपणी डबा द्यायला गेलो की बघायचो, अण्णा मागाच्या खाली आडवे, बाहेर फक्त पाय. ते माग त्यांच्याहून जुने होते. चादर घ्यायला येणाऱ्या गिऱ्हाईकाने कधी विचारलं नाही, की हा माग कुठल्या साली बसवला. धागा तुटतो का, घडी सरळ पडते का, एवढंच बघायचे. उभं गाव जुनी यंत्रं चालती ठेवून जेवलं आणि त्याच गावात आज जुनं यंत्र घेणाऱ्याला वेड्यात काढतात.

बरं, सोलापूर आणि मोटार यांचं नातंही थोडंथोडकं नाही. वालचंद हिराचंद १८८२ साली याच गावात जन्मले. पुढे त्यांनी जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही धंद्यांत हात घातला. त्यांच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सचा कुर्ल्याचा कारखाना म्हणजे आपल्या पद्मिनीचं माहेर. पुढे तोच कारखाना फियाटकडे गेला आणि २००१ मध्ये तिथून पॅलिओ बाहेर पडली. जाहिरातीत सचिन होता. (२००२ मध्ये फियाटने त्याला फेरारी दिली, आम्हाला पॅलिओ. चालायचंच.) तिच्यात एक १.६ लिटरची होती, १५९६ सीसी, शंभर अश्वशक्ती, पेट्रोल प्यायची उंटासारखं. ती माझी. म्हणजे अजूनही आहे, खाली उभी आहे.

आता सरकार. २००२ ची माझी पॅलिओ २०१७ मध्ये पंधरा वर्षांची झाली, तेव्हा नोंदणीच्या नूतनीकरणाची फी सहाशे रुपये होती. एप्रिल २०२२ पासून ती पाच हजार झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी दहा हजार केली. महाराष्ट्राने २०१० मध्ये लावलेला पर्यावरण कर वेगळाच. आता गंमत बघा. २०२१ मध्ये याच सरकारने व्हिंटेज गाड्यांचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी असेल तर तिला खास नंबर आणि वारसा म्हणून मान. म्हणजे पंधराव्या वर्षी गाडी भंगार आणि पन्नासाव्या वर्षी वारसा. मधली पस्तीस वर्षं तिने कुठे काढायची? वारसा काय आभाळातून पडतो? कोणीतरी वेडा माणूस ती पस्तीस वर्षं तेल बदलत, रबर बदलत, बायकोच्या शिव्या खात काढतो, तेव्हा कुठे पन्नासावं वर्ष उजाडतं.

तपासणी नको असं मी म्हणत नाही. उलट कडक करा. जर्मनीत साधारण दर दोन वर्षांनी गाडी तपासून घ्यावी लागते. इंग्लंडात गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी. आपण मात्र खाजगी गाडीला पंधरा वर्षं हातही लावत नाही. तीन वर्षांची, ब्रेक खाल्लेली, टायर गुळगुळीत झालेली गाडी पुणे रोडने शंभरच्या वेगाने पळते आणि तिला कोणी काही विचारत नाही, कारण ती नवी दिसते. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून गेली, कारण तिला वीस वर्षं झाली. चांगली होती की वाईट, हा प्रश्नच नव्हता. कॅलेंडर संपलं होतं.

दोन गोष्टी मात्र मान्य करायला हव्यात, नाहीतर दाजी म्हणतील सोयीचं तेवढं लिहिलं. जुनी गाडी धूर जास्त सोडते. २०२० पासूनच्या बीएस-६ गाडीची बरोबरी माझी पॅलिओ करूच शकत नाही. ती वर्षाला अडीच हजार किलोमीटर चालते, एवढंच माझ्या बाजूने सांगता येईल. आणि तिच्यात एअरबॅग नाही. म्हणून बायको-पोरांना घेऊन मी लांबचा हायवे तिच्यातून करत नाही.

ती सवय कशी लागली ते आता सांगतो. भाच्यासाठी हे सांगणं सगळ्यात गरजेचं आहे आणि सगळ्यात जड जातंय.

जानेवारी २०१०. गड्ड्याची यात्रा चालू होती आणि मी पुण्याहून लाल पॅलिओ आणली, १ लाख १५ हजारांना. वय चोवीस. त्यानंतरच्या तीन महिन्यांत मी तिच्यावर खर्च केला तो असा: अलॉय वीस हजार, सायलेन्सर सहा हजार, म्युझिक सिस्टिम चौदा हजार, वर दीड हजारांचे स्टिकर. एकूण साडेएक्केचाळीस हजार. सात रस्त्यावर सिग्नलला थांबलो की लोक वळून बघायचे. वाटायचं, हौस असावी तर अशी.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी ताईला आणि तिच्या साडेसहा वर्षांच्या पोराला घेऊन तुळजापूरला निघालो. दर्शन झालं. परत येताना घाट उतरायला लागलो. घाट छोटाच आहे, पण भर दुपारची वेळ, बाहेर चाळीसच्या वर, पुढे एसटी आणि मी रुबाबात. तिसऱ्या वळणावर ब्रेक दाबला तर पाय खाली गेला. गेलाच. मऊ चिखलात जावा तसा. परत दाबला, परत तेच. एसटीची मागची काच समोर वाढत होती. मागच्या सीटवर हा पोरगा पेढा खात होता. दुसऱ्या गिअरमध्ये टाकली, इंजिन किंचाळलं, हँडब्रेक ओढला आणि डाव्या हाताला मुरमात घातली. थांबली. ताई म्हणाली, "काय झालं रे?" मी म्हणालो, "काही नाही, पाणी प्यावंसं वाटलं."

ताई, तू हे वाचत असशील तर पंधरा वर्षांनी सांगतोय. रागाव.

अर्धा तास थांबलो. पेडल हळूहळू परत वर आलं. विशीच्या वेगाने सोलापूर गाठलं. दुसऱ्या दिवशी अक्कलकोट रोडला उस्तादकडे गाडी नेली. त्यांनी ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण काढलं, आत बोट बुडवलं आणि माझ्यासमोर धरलं. ब्रेक ऑइल खरं तर फिकट पिवळं असतं, हे कोऱ्या चहासारखं काळं होतं. हे तेल हवेतली ओल पिऊन घेतं. साधं डॉट ३ तेल ताजं असताना दोनशे पाच अंशांपर्यंत उकळत नाही, ओल शोषलेलं एकशे चाळिसालाच उकळू शकतं. उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. मग आपण तेल दाबत नसतो, बुडबुडे दाबत असतो आणि ब्रेकपर्यंत काही पोचत नाही. गार झालं की पुन्हा सगळं ठीक, म्हणून कोणाला कळतही नाही. उस्तादांनी सायलेन्सरकडे बघितलं, अलॉयकडे बघितलं आणि म्हणाले, "काय बे, जोडे नवे घातलास. पाय बघितला नाहीस."

ते तेल बदलायला लागले पाचशे रुपयांच्या आत. साडेएक्केचाळीस हजार घातलेल्या गाडीत.

मग आम्ही अकरा महिने काम केलं. आम्ही म्हणजे उस्ताद करायचे आणि मी शनिवार-रविवार स्पॅनर द्यायचो. रेडिएटर उघडला तर आत कूलंट नव्हतंच, आधीच्या मालकाने बोअरचं पाणी ओतलेलं, गंजून लाल झालेलं. सोलापूरच्या उन्हाळ्यात हेड गॅस्केट उडालं असतं तर इंजिन गेलं होतं. टायमिंग बेल्ट हातात घेऊन वाकवला तर आतून बारीक तडे. तो धावत्या गाडीत तुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात आणि दुरुस्ती गाडीच्या किमतीएवढी. लोअर आर्मचे बुश संपलेले. सुटे भाग मिळवायला मी कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारात दोन खेपा केल्या. जिथे गाडी जन्मली तिथेच तिचे अवयव विकायला टांगलेले होते. टायर पाहिले, नक्षी भरपूर, पण बाजूवरचा चार आकडी नंबर सांगत होता १७०२, म्हणजे २००२ चा सतरावा आठवडा. आठ वर्षांचं रबर, दगडासारखं झालेलं, त्यावर मी घाट उतरत होतो.

सगळ्याचे झाले सत्तेचाळीस हजार. त्यातलं काहीही सात रस्त्यावर दिसत नाही. सायलेन्सर मी विकला आणि त्यात दोन टायर आले.

एका रविवारी अण्णा गॅरेजवर आले. काही न बोलता पँट वर खेचली आणि गाडीखाली शिरले. बाहेर फक्त पाय. दहा मिनिटांनी आतून आवाज आला, "तेरा नंबर दे."

तर भाच्या, तुझ्या सायलेन्सरला माझा विरोध आवाजाचा त्रास होतो म्हणून नाही. (तोही होतो. शिवाय पोलिसांनी असे सायलेन्सर रोडरोलरखाली घातल्याचे फोटो तू बघितले असशील.) विरोध एवढ्यासाठी, की एक सत्तरची गाडी घेऊन तुझ्याकडे उरणार साठ हजार, आणि ते दिसणाऱ्या गोष्टींत गेले तर न दिसणाऱ्यांसाठी शून्य राहील. १०६ घोडे आहेतच तिच्यात, होंडाने घालून दिलेत. तुला ते थांबवता यायला हवेत. आणि असे जे शोभेचे बॉक्स करून ठेवतात ना पोरं, त्यांच्यामुळेच दाजींसारख्या माणसांना वाटतं की जुनी गाडी म्हणजे टवाळखोरी. आपल्या बाजूचा सगळ्यात मोठा शत्रू आपल्याच बाजूला उभा आहे, कानात बास लावून.

काल रात्री त्याने टायरचा फोटो पाठवला. "मामा, नक्षी अजून भरपूर आहे." मी लिहिलं, बाजूचा नंबर पाठव. पाच मिनिटांनी फोटो आला: ०९१६. मी विचारलं, मग? बराच वेळ निळ्या खुणा नुसत्या दिसत राहिल्या. मग उत्तर आलं, "म्हणजे टायरचे पण पैसे कमी करायला सांगायचे ना?"

शनिवारी पहाटे बारामतीला निघतोय. अण्णा म्हणालेत, मीही येतो, टॉर्च घ्या.