टिनाखालची भट्टी

विदर्भात चैत्र सरत नाही तोच ऊन पोळू लागते. एप्रिल-मे महिन्यांत अकोला, वर्धा, चंद्रपूरकडे पारा 45 अंशांवर गेला तरी कोणाला नवल वाटत नाही. अशा वेळी घर थंड ठेवायचे म्हणजे कूलर आणायचा, एवढा एकच इलाज आपल्या डोक्यात बसला आहे. पण कूलर आला की बिल वाढते आणि ऐन दुपारी वीज गेली की तो असून नसल्यासारखा. म्हणून कूलरच्या आधी छपराचा विचार करावा.

पूर्वीच्या घरांना मातीच्या जाड भिंती आणि वर कवेलू असत. मातीची भिंत हळू तापते आणि कवेलूंच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. पण माकडे कवेलू फोडतात, दरसाल घर शाकारायला माणूस मिळत नाही. म्हणून लोकांनी टिना घातल्या, त्यात त्यांची चूक नाही. मात्र टिन अर्ध्या तासात तापते आणि खालच्या माणसाला भाजून काढते. स्लॅबची तऱ्हा वेगळी. तो दिवसभर ऊन पितो आणि रात्री तीच उष्णता खोलीत सोडतो. रात्री बारापर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही, तो यामुळेच.

यावरचे उपाय सोपे आहेत. पहिला, छप्पर पांढरे करणे. पांढऱ्या रंगावरून ऊन बरेचसे परत फिरते. स्लॅबवर गाळलेल्या चुन्यात डिंक मिसळून दोन-तीन हात द्यावेत. टिनावर नुसता चुना टिकत नाही, तेथे पांढरा रंग मारावा. खोलीत दोन-तीन अंशांचा तरी फरक पडतो. चुना पावसात धुऊन जातो, म्हणून हे काम दर फाल्गुनात करावे.

दुसरा उपाय आपल्या शेतातच आहे. तुरीच्या तुऱ्हाट्या चुलीत घालण्याआधी थोड्या बाजूला काढा. टिनाच्या वर बांबू आडवे टाकून, मध्ये वीतभर पोकळी राखून त्यावर तुऱ्हाट्या पसरा. पोकळीतून वारा खेळतो आणि टिनावर थेट ऊन पडत नाही. वाऱ्याने उडू नये म्हणून तारेने आवळा. मात्र विजेची तार किंवा चुलीचे धुराडे जवळ असेल तर हा उपाय करू नये, आगीला निमंत्रण मिळेल.

तिसरा उपाय पश्चिमेच्या भिंतीचा. दुपारनंतरचे ऊन तिलाच झोडपते. तेथे मांडव घालून न्हाणीच्या सांडपाण्यावर दोडक्याचा किंवा कारल्याचा वेल चढवावा, अंगणात कडुनिंब लावावा. सकाळी दहापासून ऊन उतरेपर्यंत खिडक्या बंद ठेवाव्यात आणि रात्री सगळ्या उघडाव्यात.

एवढे करून कूलर लावायचाच असेल तर तो खिडकीत बाहेरून लावा आणि समोरची खिडकी उघडी ठेवा. बंद खोलीत कूलर चालवला की दमट होते आणि अंग चिकचिकते. पाणी भरताना आधी प्लग काढा आणि अर्थिंग तपासून घ्या. कूलरचा शॉक लागून दर उन्हाळ्यात माणसे दगावतात. लहान मुलांना त्याच्याजवळ फिरकू देऊ नका.

पंख्याचा हिशेबही करून पाहावा. जुना पंखा सुमारे 75 वॅटचा असतो. तो रोज 12 तास चालला तर चार महिन्यांत 108 युनिट जळतात. बीएलडीसी पंखा सुमारे 30 वॅटचा, त्याला 43 युनिट पुरतात. किंमत जास्त असली तरी एका उन्हाळ्यात एका पंख्यामागे 65 युनिट वाचतात.

गोठ्याकडेही लक्ष हवे. संकरित गाय आणि म्हैस दोघींनाही ऊन सोसत नाही, चारा कमी खातात आणि दूध घटते. गोठ्याच्या टिनावर तुऱ्हाट्या आणि वाऱ्याच्या बाजूला ओले गोणपाट, एवढ्याने जनावराला आराम पडतो.

आता ग्रामपंचायतींविषयी. 2016 पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत घरकुलाचे किमान क्षेत्र 25 चौरस मीटर आहे. एवढ्याशा घरात समोरासमोर खिडक्या आणि छताखाली झरोके नसतील तर ती भट्टीच होते. हप्ता काढण्यासाठी फोटो घेताना ग्रामपंचायत अधिकारी आणि अभियंत्यांनी खिडक्यांची जागाही पाहावी. जोत्यापर्यंत काम असताना सांगितले तर बदल फुकटात होतो, छत पडल्यावर नाही. टिनाखाली भरणाऱ्या अंगणवाडीत तीन-चार वर्षांची लेकरे बसतात. तिचे छप्पर पांढरे करायला फार पैसा लागत नाही. ग्रामसभेत तसा ठराव घ्यावा आणि काम उन्हाळा लागण्याआधी उरकावे. पारा चढल्यावर टिनावर चढायला कोणी तयार होत नाही.