लडाखला जायचं, पण कोणत्या महिन्यात?



मागच्या वर्षी नववीच्या वर्गात पर्जन्यछायेचा प्रदेश शिकवत होते. बोलता बोलता विषय लडाखवर गेला आणि मी सहज विचारलं, "लडाख एवढा थंड, मग तिथे फिरायला जायचा सर्वांत चांगला काळ कोणता?" वर्गातून जवळजवळ एकच उत्तर आलं, "मॅडम, मे महिना!" का बरं? "सुट्टी असते म्हणून!"

उत्तर प्रामाणिक होतं, म्हणून मी हसले. पण घरी आल्यावर लक्षात आलं की आपण मोठी माणसंही असंच ठरवतो. मुलांची परीक्षा संपली, उन्हाचा चटका वाढला, की "कुठेतरी थंड ठिकाणी जाऊ" म्हणून बॅगा भरतो. तिथे त्या महिन्यात काय चालू असतं हे कुणी विचारत नाही. मी स्वतः याच चुकीने एकदा लडाखला जाऊन आले आहे, त्यामुळे हा लेख लिहिण्याचा मला थोडाफार अधिकार आहे असं समजते.

माझं मत आधीच सांगून टाकते. ज्यांना जमेल त्यांनी लडाखला सप्टेंबरमध्ये जावे. मे महिन्यात शक्यतो जाऊ नये.

आता कारणं. लडाख हे शीत वाळवंट आहे. हिमालयाच्या रांगा मोसमी वाऱ्यांना अडवतात आणि पलीकडे ढग कोरडेच पोचतात. सह्याद्रीमुळे आपल्या माण तालुक्याचं जे होतं, तेच तिथे फार मोठ्या प्रमाणावर होतं. लेहमध्ये वर्षभरात साधारण १०० मिलिमीटर पाऊस-बर्फ पडतो. मुंबईत जुलैमधल्या एखाद्या दिवसात तेवढा पाऊस होऊन जातो! मग तिथली शेती होते कशावर? डोंगरावरचे बर्फ आणि हिमनद्या वितळून जे पाणी येतं, त्यावर. आणि इथेच खरी गोम आहे. सातूची पेरणी एप्रिल-मेमध्ये करावी लागते, कारण उन्हाळा छोटा असतो. पण उंचावरच्या हिमनद्यांचं पाणी भरपूर यायला जून उजाडतो. म्हणजे ज्या दिवसांत शेतकऱ्याला पाणी सर्वांत जास्त हवं, त्याच दिवसांत ते सर्वांत कमी असतं.

ही अडचण सोडवायला चेवांग नोर्फेल या अभियंत्यांनी गावांच्या वरच्या बाजूला कृत्रिम हिमनद्या तयार केल्या. २०१५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुढे सोनम वांगचुक यांनी हिवाळ्यातलं वाया जाणारं पाणी उंच शंकूच्या आकारात गोठवायला सुरुवात केली. त्यांना हिमस्तूप म्हणतात. शंकूच का, तर उन्हाला भिडणारा पृष्ठभाग कमी राहतो आणि बर्फ हळूहळू वितळतो. तो वसंतात, पेरणीच्या वेळी उपयोगी पडतो. (विज्ञान प्रदर्शनासाठी प्रकल्प शोधणाऱ्यांनी हे जरूर टिपून ठेवावं.)

आता तुम्हीच विचार करा. आपल्याकडे मे महिन्यात गावात टँकर आला की हंड्यांची रांग लागते. तेव्हा दारात पाहुण्यांची बस येऊन उभी राहिली आणि प्रत्येकाला आंघोळीला दोन बादल्या गरम पाणी हवं असलं, तर आपल्याला काय वाटेल? लडाखी माणूस परंपरेने कोरडा संडास वापरतो, त्यात पाणी लागतच नाही. आपण मात्र फ्लश ओढतो. पाण्याचा थेंब न् थेंब जपणाऱ्या गावात आपण ऐन टंचाईत जातो, आणि वर "हॉटेलात पाणी बारीक येत होतं" अशी तक्रारही करतो. मीसुद्धा केली होती, खोटं कशाला बोलू!

त्या आमच्या मे महिन्याच्या सहलीबद्दल थोडं सांगते. आम्ही चौघं होतो, त्यात सासूबाई, वय वर्षे सदुसष्ट. सकाळी दिल्लीहून विमानाने लेहला उतरलो आणि दुसऱ्याच दिवशी पँगाँगला निघालो, कारण पत्रकात तसंच छापलेलं होतं. लेहची उंची सुमारे ३,५०० मीटर. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश, म्हणजे प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजनही तेवढाच. पँगाँग त्याहूनही उंच, ४,२०० मीटरच्या वर. शरीराला सवय व्हायला निदान दोन दिवस पूर्ण विश्रांती हवी, हे मी वर्गात शिकवू शकले असते, पण स्वतः पाळलं नाही. वाटेत खिंडीवर सासूबाईंचं डोकं असह्य दुखू लागलं, उलट्या सुरू झाल्या. सरोवर न बघता गाडी परत फिरवली. पुढचे तीन दिवस त्या खोलीत झोपून होत्या. खिडकीतून दिसत होती पेरणीसाठी नुकतीच नांगरलेली मातकट शेतं. जर्दाळूचा बहर एप्रिलमध्येच होऊन गेला होता.

ही विरळ हवेची अडचण कोणत्याही ऋतूत राहणारच, महिना बदलून ती जात नाही. पण महिना बदलला की रस्ता निवडता येतो. श्रीनगरहून कारगिलमार्गे गेलात तर सुमारे १,६०० मीटरवरून कारगिलच्या २,७०० मीटरच्या आसपास मुक्काम होतो आणि मग लेह. शरीराला पायरी पायरीने चढायला मिळतं. हा रस्ता झोजिला खिंडीतून जातो. अलीकडे तो वसंतातच उघडतो, पण बर्फ आणि दरडींमुळे तेव्हा भरवसा कमी असतो. सप्टेंबरमध्ये तो मोकळा असतो. मनालीकडून जाणाऱ्यांनी जरा सांभाळून राहावं. अटल बोगदा २०२० मध्ये सुरू झाल्याने रोहतांगचा घाट टळला हे खरं, पण वाटेत अनेकजण सरचूला मुक्काम करतात आणि ते लेहपेक्षा कितीतरी उंच आहे.

मग जुलै-ऑगस्ट का नको? खूप लोक त्याच महिन्यांत जातात, हवाही छान असते, दिवसा पंचवीस अंशांपर्यंत ऊन. लेह कोरडं असलं तरी तिथे पोचायचे दोन्ही रस्ते हिमालयाच्या पावसाळी बाजूने चढतात, तिथे दरडी कोसळतात. आणि लडाखमध्ये पाऊस कमी म्हणून तो निरुपद्रवी असतो असं नाही. ऑगस्ट २०१० मध्ये एका रात्री लेहजवळ ढगफुटी झाली, चिखलाचे लोट मातीच्या घरांवरून गेले आणि दोनशेहून अधिक माणसं दगावली. झाडं नसलेल्या उघड्या डोंगराला पाणी धरून ठेवता येत नाही.

हिवाळ्याचं म्हणाल तर तो ऋतू मला मनापासून आवडेल, पण सगळ्यांना झेपणार नाही. जानेवारीत रात्री पारा उणे पंधराच्या आसपास जातो. नळ गोठतात, बरीच हॉटेलं बंद असतात, हवामान बिघडलं की विमान रद्द. मात्र खारं पाणी असूनही पँगाँग पूर्ण गोठतं, मुलंमुली बर्फावर हॉकी खेळतात, आणि हिमबिबट्या भरलांच्या मागोमाग खाली उतरतो तो याच दिवसांत. तरुण असाल, हातात भरपूर दिवस असतील आणि एखाद्या घरात पाहुणे म्हणून बुखारीजवळ बसून थुक्पा खायची तयारी असेल, तर जरूर जा. लहान मुलं किंवा आजी-आजोबा सोबत असतील तर नको.

सप्टेंबरमध्ये दिवसा स्वेटर काढून फिरता येतं, रात्री गोधडी लागते. आकाश इतकं स्वच्छ असतं की हानलेला (तिथे देशाची वेधशाळा आहे) आकाशगंगेचा पट्टा नुसत्या डोळ्यांनी दिसतो. सातूची कापणी चालू असते किंवा नुकतीच आटोपलेली असते. जर्दाळू घराच्या छपरांवर वाळत घातलेले असतात, अगदी आपल्याकडे गच्चीवर कुरडया-सांडगे घालतात तसे. महिना संपता संपता पॉप्लरची झाडं पिवळी होऊ लागतात. पेरणीच्या वेळची पाण्याची ओढाताण मागे पडलेली असते, आणि घरची माणसं बसून बोलायला मोकळी असतात.

"मॅडम, पण शाळा?" हा तुमचा प्रश्न मला ऐकू येतोय. शिक्षिका असून मी शाळा बुडवायला सांगतेय का? दहावीच्या मुलांना मुळीच नाही. बाकीच्यांच्या पालकांना मात्र एवढं सांगेन की सहा-सात दिवस बुडाले तर अभ्यास भरून काढता येतो, वर्गशिक्षकांशी आधी बोला, सत्र परीक्षेच्या तारखा बघा. तेही शक्य नसेल तर मेऐवजी जूनचा पहिला आठवडा धरा. हिमनद्यांचं पाणी वाढू लागलेलं असतं आणि रानगुलाब फुलायला लागतात. पण परतल्यावर शाळा उघडायच्या आत वह्या-पुस्तकं आणायची धावपळ होईल, तेवढी तयारी ठेवा. आणि लेहला विमानाने उतरत असाल, तर पहिले दोन दिवस कुठेही जायचं नाही, पत्रकात काहीही छापलेलं असो.

सासूबाई अजून म्हणतात, "ते सरोवर राहिलंच की गं बघायचं." डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी सावकाश जायच्या अटीवर होकार दिलाय. या वेळी श्रीनगरहून निघायचं, कारगिलला एक रात्र, लेहमध्ये तीन, आणि मग पँगाँग. तारीख काढली आहे १४ सप्टेंबर. सोमवारी मुख्याध्यापकांकडे रजेचा अर्ज घेऊन जायचं आहे, आणि कारण काय लिहावं याचाच विचार चालू आहे.