नाव एसव्हीजी, आत फोटोच

आंबागडच्या किल्ल्याचं बोधचिन्ह हवं असलं, मग ते यात्रेच्या फलकासाठी असो की शाळेच्या टी-शर्टसाठी, की मोबाइलमधला फोटो तुमसरच्या फ्लेक्सवाल्याकडे जातो. सोबत फुकटचा सल्लाही जातो: ‘नेटवर एक बटन दाबा, व्हेक्टर तयार.’ हा सल्ला मला अजिबात मान्य नाही.

फाइलचं नाव एसव्हीजी किंवा पीडीएफ झालं म्हणून चित्र व्हेक्टर, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषांचं, होत नाही. या फाइलींच्या पोटात जेपीजी जसाच्या तसा बसवता येतो आणि कित्येक ‘कन्व्हर्टर’ नेमकं तेवढंच करतात. फ्लेक्सवर हे खपून जातं. रेडियम कापणाऱ्या प्लॉटरला मात्र सुरी फिरवायला रेषा लागते, आणि इथे ती नसतेच.

‘मग महागडं सॉफ्टवेअर घ्या,’ असं दुसरा पक्ष म्हणतो. चित्रावरून आपोआप रेषा काढण्यात, म्हणजे ट्रेस करण्यात, इलस्ट्रेटरचं इमेज ट्रेस आणि कोरलचं पॉवरट्रेस ताकदीची आहेत, यात वाद नाही. दुकानात कोरल चालूच असेल तर खुशाल तेच वापरावं. पण दोन रंगांच्या चिन्हासाठी पैसे मोजायचं कारण मला दिसत नाही. इंकस्केप मोफत आहे आणि त्यात पीटर सेलिंजर यांचं पोट्रेस हे ट्रेसचं इंजिन बसवलेलं आहे. मुख्य म्हणजे कोपरा किती गोल करायचा, हे तिथे आपल्या हातात राहतं. भंडाऱ्याच्या टसर साडीचा करवती काठ ट्रेस करून पाहा. पोट्रेसमध्ये कोपऱ्याचा आकडा मुळात १ असतो. तो शून्याकडे नेला की करवतीचे दात टोकदार राहतात, १.३३ च्या पुढे नेला की सगळे गुळगुळीत. एका बटनाच्या साइटवर बहुधा हा आकडा दिसतच नाही. अक्षरं तर ट्रेस करूच नयेत, शिरोरेषा नागमोडी होते. फॉन्ट शोधावा, मजकूर पुन्हा टाइप करावा आणि मग त्याचे कर्व्ह करावेत.

गडाच्या हाताने काढलेल्या नकाशाची गोष्ट वेगळी. साधा ट्रेस एकाच रेघेच्या दोन्ही कडा काढतो आणि तटाची भिंत दुहेरी होते. त्यासाठी सेंटरलाइन ट्रेस हवा. इंकस्केपमध्ये तो २०२० च्या १.० आवृत्तीपासून आहे.

आणि किल्ल्याचा फोटो? तो कुठल्याच यंत्राच्या हवाली करू नये. १७०० च्या सुमारास गोंड राजा बख्त बुलंद याच्या राजाखान पठाण या सुभेदाराने बांधलेला हा गड आज पडझडीला आला आहे. कुठे दगड निखळला आहे आणि कुठे नुसती झुडपाची सावली आहे, हे माणसाचा डोळा सांगतो. ट्रेसच्या लेखी दोन्ही काळे डागच. ते सगळे जमा करून फाइल फुगते आणि बुरूज काही उभा राहत नाही. फोटो खालच्या लेयरवर कुलूपबंद करावा आणि वर पेन टूलने स्वतः रेषा काढावी. पूर्ण वर्तुळाला चार नोड पुरतात, तिथे बुरजाच्या गोलाईला चाळीस कशाला? वेळ लागतो, हे खरं. पण बोधचिन्ह एकदाच काढायचं असतं आणि वर्षानुवर्षं वापरायचं असतं.

काम दुसऱ्याकडून करून घेणार असाल, तर पैसे देण्याआधी ती फाइल इंकस्केपमध्ये उघडा, चित्र निवडा आणि नोड टूल घ्या. कडांवर नोड दिसले नाहीत, तर फाइल परत करा.