नाण्याचा पत्ता

शेत नांगरताना, जुन्या घराचे जोते उकरताना एखादे काळवंडलेले नाणे हाती लागले, की आपल्याकडे त्याचे पुढचे सोपस्कार ठरलेले असतात. आधी चिंचेने घासून ते लख्ख करायचे आणि मग हळदकुंकू वाहून देव्हाऱ्यात ठेवायचे. पुढच्या पिढीला सांगायला ‘शिवाजी महाराजांच्या काळातले आहे’ एवढेच वाक्य उरते. आता मेटल डिटेक्टर घरपोच मिळू लागल्याने या प्रकाराला हौसेची जोडही मिळाली आहे. सापडलेली वस्तू मुलानातवंडांसाठी जपावीशी वाटणे यात गैर काही नाही. पण ती कुठे, कशी, कशाबरोबर सापडली हे लिहून ठेवले नाही, तर आपण वारसांना देतो तो निव्वळ धातू. कोयनानगर आणि त्याच्या वरच्या खोऱ्यात तर ही गोष्ट अधिकच खरी आहे.

कारण इथे जागाच पाण्याखाली गेली आहे. कोयनेचे धरण १९६४ मध्ये पूर्ण झाले आणि त्याच्या शिवसागर जलाशयाचे पाणी पार तापोळ्यापर्यंत पसरले. खोऱ्यातल्या गावांतली माणसे आपले देवाचे टाक, भांडीकुंडी आणि गाठीला बांधलेली चार नाणी घेऊन रायगड, ठाणे, सोलापूर, सांगलीकडे पांगली. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे भूकंपाने कोयनानगरची उभी घरे पाडली. समजा, आज सोलापूरकडच्या एखाद्या पुनर्वसित घरात खोऱ्यातून आलेले तांब्याचे नाणे आहे. ते कुंभार्ली घाटातून चिपळूण-पाटण-कऱ्हाड असा माल नेणाऱ्या वाटेवर सापडले होते, की घराच्या उंबऱ्याखाली पुरलेल्या मडक्यात? पहिले असेल तर ते व्यापाराचा माग सांगेल, दुसरे असेल तर कुणाच्या तरी पोटाला चिमटा काढून केलेल्या साठवणीचा. दोन्ही नाणी तळहातावर सारखीच दिसतात. फरक सांगणारी जमीन आता बघता येत नाही. तो सांगू शकते फक्त घरातल्या म्हाताऱ्यांची आठवण, आणि तीही आणखी फार वर्षे पुरणार नाही.

जागा आणि जोडीदार यांना एवढे महत्त्व का, हे नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीने दाखवून दिले. १९०६ मध्ये तिथे क्षत्रप राजा नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा निघाला. नाणी होती सव्वातेरा हजारांच्या वर आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. सातवाहनांनी नहपानाचा पराभव करून त्याचाच पैसा आपल्या नावाने चालवला, याचा इतका ढळढळीत पुरावा दुसरा नाही. मात्र हा पुरावा एकेका नाण्यात नव्हता, साठ्यात होता. ती नाणी भावाभावांत वाटली गेली असती, तर प्रत्येकाकडे चांदी गेली असती आणि ठसा मारलेली किती, न मारलेली किती, हे प्रमाण कायमचे हरवले असते. शिवराईचेही तसेच. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ अशी अक्षरे असलेले हे नाणे महाराजांनंतरही शंभराहून अधिक वर्षे वेगवेगळ्या टांकसाळींत पडत राहिले. अक्षरे वाचली म्हणून काळ ठरत नाही. तो ठरवायला वळण, वजन आणि सापडण्याची जागा लागते.

यावर कुणी म्हणेल, महाराष्ट्राचा इतिहास सरकारी कपाटांनी नव्हे, घरांनीच राखला. यात तथ्य आहे. इतिहाससंशोधक राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये आला तो वाईच्या एका घरात सांभाळलेल्या दप्तरांवर. पण कागद स्वतःचा पत्ता स्वतःच बोलतो. त्यावर मायना असतो, तिथी असते, पाठवणाऱ्याचे नाव असते. नाण्यावर राजाचे नाव असते, मडके कुणाच्या परसात होते ते नसते. घराने नाणे राखायचे असेल, तर पत्ताही घरानेच लिहिला पाहिजे.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: लिहून ठेवले तर सरकार घेऊन जाईल. कायदा काय म्हणतो ते पाहू. १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मालक नसलेला निधी ठरला आणि वेगळा करार नसला, तर तीन चतुर्थांश सापडवणाऱ्याला आणि एक चतुर्थांश जमीनमालकाला मिळतो. सरकारला वस्तू हवी असेल, तर धातूची किंमत आणि तिचा एक पंचमांश वर द्यावा लागतो. हा मोबदला तुटपुंजा आहे आणि दहा रुपयांची मर्यादा आज हास्यास्पद आहे, हे मान्यच. इंग्लंडने १९९६ मध्ये आपला कायदा नव्याने केला, बाजारभावाने बक्षीस ठेवले, किरकोळ वस्तूंची स्वेच्छेने नोंद करण्याची सोय केली, आणि लोक आपणहून पुढे येऊ लागले. आपल्या कायद्यातही अशी सुधारणा हवी. पण कायदा कंजूष आहे म्हणून लपवून ठेवलेली वस्तू वारसाला देणे म्हणजे त्याच्या हाती गुपित देणे. तो ती कुणा जाणकाराला दाखवू शकत नाही की तिच्याविषयी मोकळेपणाने बोलू शकत नाही. आणि वासोट्यासारख्या अभयारण्यातल्या किल्ल्यावर यंत्र घेऊन उकरायला जाणे तर कोणत्याच सबबीत बसत नाही.

ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या नाणी आहेत, त्यांना घाबरायचे कारण नाही. घरात जुने नाणे असणे हा गुन्हा नव्हे. मात्र शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२च्या पुरावशेष कायद्याने खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत. परदेशातल्या नातवाच्या बॅगेत आजीची शिवराई घालण्याआधी हे माहीत असलेले बरे. जपणुकीचे म्हणाल, तर कोयनानगरचा पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या घरात जातो आणि ओल हा तांब्याचा वैरी. नाण्यावर फिकट हिरवी भुकटी धरू लागली, की धातू आतून खाल्ला जातोय असे समजावे. चिंच आणि पंचामृतातले दही, दोन्हींतल्या आम्लाने अक्षरे झिजतात. स्वस्त मऊ प्लास्टिकचे अल्बम आणि रबरबँडही वाईटच. आम्लविरहित कागदाचे पाकीट, घट्ट झाकणाचा डबा आणि ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी एवढे पुरते. पाकिटावर गाव, शिवार, वर्ष, सापडवणाऱ्याचे नाव आणि बरोबर काय होते ते पेन्सिलीने लिहावे. वाटणीची वेळ आली, तर नाणी एकाच घरी राहू द्यावीत आणि फोटोंसह यादीची नक्कल प्रत्येक वाटेकऱ्याला द्यावी. शेताची वाटणी करताना बांध घालतो, तसा या साठ्यात घालू नये. सातबाऱ्यावरून पुसले गेलेले बुडालेल्या गावाचे नाव निदान त्या पाकिटावर तरी शाबूत राहील.