झोळी खाली ठेवा, जमाखर्च मागा

वनहक्कधारक ग्रामसभा, जैवविविधता व्यवस्थापन समित्या आणि निसर्गरक्षणाचे काम अंगावर घेतलेली लहानमोठी मंडळे यांस जाहीर निवेदन

चंद्रपूर-गडचिरोलीकडे आणि एकंदर महाराष्ट्रातच ज्या मंडळींनी ओढे, गायराने, देवराया आणि जंगले राखण्याचा भार शिरावर घेतला आहे, त्यांच्या बैठकांत झाडांविषयी जेवढे बोलणे होते त्याहून अधिक पैशांविषयी होते, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. कारण रोपवाटिकेत राबणाऱ्या बाईची मजुरी, वणवा विझवण्यास रात्री-अपरात्री धावणाऱ्या पोरांचे जेवण आणि उन्हाळ्यापूर्वी काढावयाच्या जाळरेषांचा खर्च निव्वळ भक्तिभावाने भागत नाही. आमचा आक्षेप त्या बोलण्याच्या रोखावर आहे. अनुदान कोण देईल, कोणत्या कंपनीच्या साहेबांशी ओळख निघेल, प्रस्ताव कोणत्या भाषेत लिहिला असता दात्याच्या मनास येईल, या विवंचनेत चांगली कर्ती माणसे वर्षानुवर्षे खर्ची पडतात. आणि ज्या जंगलाच्या तोडीपोटी सरकारी खजिन्यात कोट्यवधी रुपये जमा झाले, त्याच जंगलाच्या रहिवाशांनी त्या रकमेचा जमाखर्च एकदाही मागितलेला नसतो.

ही रक्कम आली कोठून, हे आधी सांगितले पाहिजे. 1980 च्या वनसंवर्धन कायद्याने वनजमीन खाण, धरण वा रस्ता यांकडे वळवण्यास केंद्र सरकारची परवानगी आवश्यक ठरली. पुढे जंगलतोडीविषयीच्या गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली असा हुकूम केला की, जमीन घेणाऱ्याने पर्यायी वनीकरणाचा खर्च तर द्यावाच, परंतु नष्ट होणाऱ्या जंगलाचे निव्वळ वर्तमान मूल्यही भरावे, आणि हा पैसा पर्यायी वनीकरणाच्या स्वतंत्र निधीत ठेवावा. त्या मूल्याची रीत ठरवण्यासाठी न्यायालयाने अर्थशास्त्रज्ञ कांचन चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि 2008 साली जंगलाच्या प्रकाराप्रमाणे व दाटीप्रमाणे हेक्टरी 4.38 लाखांपासून 10.43 लाख रुपयांपर्यंत दर मुक्रर झाले. अभयारण्यातील जमिनीस त्याच्या पाचपट व राष्ट्रीय उद्यानातील जमिनीस दहापट. वाचकांनी येथे क्षणभर थांबून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हे मूल्य मांडताना जंगलाच्या ज्या ज्या देण्याचा हिशेब धरला गेला, त्यात इमारती लाकूड होतेच, पण त्याबरोबर जळण होते, चारा होता आणि गौण वनोपजही होते. म्हणजे जी वस्तू डोक्यावर मोळी घेऊन येणाऱ्या बाईच्या घरातून उणे झाली, तिचीच किंमत लावून पैसा वसूल झाला. मात्र तो पैसा त्या बाईच्या गावी आला नाही.

तो गेला दिल्लीस. 2006 पासून एका हंगामी प्राधिकरणाच्या खात्यांत तो साठत राहिला, 2016 साली त्यासाठी कायदा झाला, 2018 साली नियम झाले, आणि 2019 च्या ऑगस्टात केंद्र सरकारने सत्तावीस राज्यांना मिळून 47 हजार कोटींहून अधिक रुपये वाटले, त्यांत महाराष्ट्राच्या वाट्यास सुमारे 3 हजार 844 कोटी आले. कायद्याप्रमाणे यापुढील जमेतील शेकडा नव्वद हिस्सा राज्याचा आणि दहा केंद्राचा. गावाचा हिस्सा किती, याचा आकडा त्या कायद्यात नाही. नियमांत ग्रामसभेशी सल्लामसलत करण्याचा उल्लेख आहे खरा. परंतु ज्याला सल्ला विचारायचा त्याच्या नकाराला किंमत नसेल, तर तो सल्ला म्हणजे लग्न उरकल्यावर दाखवलेली पत्रिका होय.

या पैशाचा विनियोग कसा झाला, याविषयी आमच्या रागापेक्षा नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा शब्द अधिक वजनदार ठरेल. त्यांच्या 2013 च्या अहवालात नमूद आहे की, 2006 ते 2012 या काळात वळवलेल्या वनजमिनीच्या बदल्यात देशभरात 1 लाख 3 हजार हेक्टरांवर वनेतर जमीन मिळावयास हवी होती, प्रत्यक्षात मिळाली 28 हजार हेक्टर. आणि त्यावरही वनीकरण झाले ते अवघ्या 7 हजार 280 हेक्टरांवर, म्हणजे मिळावयास हव्या असलेल्या जमिनीच्या शेकडा सात. एखाद्या ग्रामपंचायतीच्या सरपंचाने असा हिशेब सादर केला असता, तर त्याचे पद आठवडाभरही राहिले नसते.

यावर वनखात्याकडून ठरलेले उत्तर येते की, गावकऱ्यांस वनव्यवस्थापनाचे शास्त्र ठाऊक नाही, आणि पैसा गावात गेला की गावात तंटे माजतात. पहिल्या आक्षेपाचे उत्तर धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या गावाने केव्हाच दिलेले आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 साली त्या गावास सुमारे 1800 हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्काची सनद मिळाली, बांबू हे गौण वनोपज असल्याचे कायद्याने म्हटले असूनही त्याच्या वाहतुकीचा परवाना मिळेपर्यंत आणखी दोन वर्षे झगडावे लागले, आणि 2011 साली केंद्रीय मंत्र्यांच्या उपस्थितीत परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडल्यावर गावाने स्वतः बांबूची तोड व विक्री करून मिळालेल्या उत्पन्नातून मजुरी दिली आणि जंगलही राखले. दुसऱ्या आक्षेपात मात्र तथ्याचा अंश आहे, आणि तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या ग्रामसभेचे इतिवृत्त एकाच माणसाच्या घरी असते, जिच्या पासबुकावरील शेवटची नोंद कोणास आठवत नाही, तिने दुसऱ्याचा हिशेब मागू नये. आधी आपली वही चावडीवर उघडी ठेवावी. पण तंट्याच्या भीतीने वारसास मिळकतीपासून कायमचे दूर ठेवण्याचा अधिकार कोणाही कारभाऱ्यास नाही.

आता दात्यांविषयी थोडक्यात. 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 135 अन्वये मोठ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावयाची असते, आणि सातव्या अनुसूचीत पर्यावरण व वनस्पती-प्राणी यांचे रक्षणही येते. परंतु हे काम बाहेरच्या संस्थेकडून करून घ्यायचे झाल्यास ती नोंदणीकृत असावी लागते, तिला आयकराच्या सवलतीचे दाखले असावे लागतात आणि तशाच कामाचा तीन वर्षांचा पूर्वानुभवही लागतो. शिवाय आरंभाचे वर्ष वगळता तीन वर्षांत प्रकल्प आटोपावा लागतो. तीन वर्षांत सागाचे रोप पुरते सावरतही नाही, आणि ओसाड टेकडीवर पुन्हा गवत, झुडूप, वृक्ष अशी परंपरा उभी राहण्यास जो काळ लागतो तो कोणत्याही वार्षिक अहवालात मावत नाही. म्हणून फलक, उद्घाटन आणि छायाचित्र यांस जे काम सोयीचे तेच काम पैसा मिळवते. परदेशी मदतीची वाट तर 2020 च्या दुरुस्तीने आणखी अरुंद झाली आहे: नवी दिल्लीतील एकाच बँक-शाखेत खाते उघडावे लागते, आणि मोठ्या संस्थेस आलेला पैसा लहान संस्थेच्या हाती देता येत नाही. ज्यांना ही दारे उघडी आहेत त्यांनी खुशाल आत जावे, आमचा विरोध नाही. पण गावाच्या जंगलाचा संसार या दारांच्या भरवशावर मांडू नये.

कारण घरची साधने याहून पुष्कळ आहेत. जैवविविधता कायद्याच्या कलम 43 प्रमाणे स्थानिक निधीची तरतूद 2002 पासून आहे. हिरडा, बेहडा, डिंक यांवर औषधे बनवणाऱ्या देशी कंपन्यांनीही लाभातील वाटा दिला पाहिजे, असा निवाडा उत्तराखंड उच्च न्यायालयाने 2018 साली दिला, आणि पाचच वर्षांनी संसदेने कायदा दुरुस्त करून त्या वाट्यास मोठ्या सवलतींची भगदाडे पाडली. तरी जे उरले आहे तेही मागणारे कोणी नाही, कारण बहुतेक जैवविविधता समित्या कागदावर जन्मल्या आणि कागदावरच आहेत. 2015 नंतर प्रत्येक खाण-जिल्ह्यात खनिज प्रतिष्ठान आले, जुन्या खाणपट्ट्यांच्या स्वामित्वधनाच्या तीस टक्क्यांइतकी जादा रक्कम त्यात भरावी लागते, आणि पर्यावरणरक्षण हे त्याच्या अग्रक्रमाच्या कामांपैकी एक आहे. कोळशाच्या धुळीने ज्या चंद्रपुरात वाळत घातलेले धोतर काळे होते, तेथील किती ग्रामसभांनी या प्रतिष्ठानाकडे ओढ्याच्या पुनरुज्जीवनाचा ठराव पाठवला असेल? व्याघ्र प्रकल्पांच्या प्रतिष्ठानांत पर्यटकांच्या प्रवेशशुल्काचा पैसा जमतो तो निराळाच.

हे सारे अव्यवहार्य स्वप्न आहे असे ज्यांस वाटेल त्यांनी आपल्याच राज्याचा इतिहास पाहावा. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली आणि 1972 च्या दुष्काळात राज्यभर पसरलेली रोजगार हमी योजना कोणा परोपकारी दात्याच्या देणगीवर उभी राहिली नव्हती. तिच्यासाठी शहरांतील पगारदारांवर व धंदेवाल्यांवर व्यवसायकर बसला, त्या उत्पन्नाइतकीच भर राज्याने आपल्या तिजोरीतून घालावी असे ठरले, आणि 1977 च्या कायद्याने काम मागणे हा हक्क झाला. त्या पैशातून पाझर तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती आणि वनीकरण झाले. कारभारात गळती होती, हजेरीपटावर खोटी नावे होती, हे सर्वांस ठाऊक आहे; तथापि मुंबईच्या कारकुनाच्या पगारातून माणदेशातील मातीस बांध घालता येतो, आणि त्यासाठी त्या कारकुनापुढे कोणास हात पसरावा लागत नाही, हे त्या योजनेने सिद्ध केले. आजचे अनुदानशास्त्र शिकवणाऱ्या कार्यशाळांत या इतिहासाचे नावही निघत नाही.

म्हणून आमची विनंती अशी की, 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट व 2 ऑक्टोबर या दिवसांच्या ज्या ग्रामसभा भरतात, त्यांपैकी पहिल्या येणाऱ्या सभेत तीन गोष्टींचा ठराव करावा: आपल्या सामूहिक वनहक्काच्या हद्दीत पर्यायी वनीकरण निधीतून कोणती कामे झाली ती दाखवावीत, यापुढील कार्ययोजना ग्रामसभेच्या लेखी संमतीखेरीज मंजूर करू नये, आणि त्या हद्दीतील कामाचा पैसा ग्रामसभेच्या खात्यावर द्यावा. ठरावाची प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे व उपवनसंरक्षकांकडे देऊन पोच घ्यावी. त्याच दिवशी उपवनसंरक्षक कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करून गेल्या पाच वर्षांतील रोपवनांचे कक्ष क्रमांक, लावलेल्या रोपांच्या जाती, जिवंत रोपांची टक्केवारी आणि प्रत्यक्ष खर्च मागावा. या अर्जास दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, आणि उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते.