दुसऱ्या खेपेचें शहाणपण

पुस्तकाची दुसरी आवृत्ति निघाली किंवा एखाद्या गाजलेल्या कादंबरीचा पुढचा भाग प्रसिद्ध झाला, म्हणजे जो तो विचारतो, 'यांत नवीन काय आहे?' आम्हांस हा प्रश्न तितकासा महत्त्वाचा वाटत नाहीं. नवीन कांहीं घालणें ही सर्वांत सोपी गोष्ट आहे. चार प्रकरणें वाढविलीं, दोन चित्रें घातलीं, कीं काम भागतें. पहिल्या खेपेस जें फसलें होतें तें कर्त्यानें ओळखलें काय, आणि ओळखून त्याचें काय केलें, ही खरी परीक्षा. ही परीक्षा आज आम्ही ज्या वस्तूला लावणार आहों, तिचें नांव या पानावर पाहून कांहीं वाचक चष्मा पुसून पुन्हा पाहतील. ती वस्तु म्हणजे 'फार क्राय' या नांवाचा, संगणकावर खेळावयाचा बंदुकीचा खेळ.

असल्या खेळाला कुटुंबांत वाचल्या जाणाऱ्या मासिकांत जागा कशाला, असें कोणी म्हणेल. आमचें उत्तर साधें आहे. हे खेळ आपल्या घरांत केव्हांच येऊन बसले आहेत. दाराआडून गोळ्यांचे आवाज ऐकूं येतात, मुलगा किंवा जांवई दोन दोन तास बाहेर येत नाहीं, आणि आंत नेमकें काय चाललें आहे हें वडील मंडळींस ठाऊक नसतें. शिवाय हा खेळ काढणाऱ्या यूबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीची एक शाखा २००८ पासून पुण्यांत आहे, २०१८ पासून मुंबईंतही आहे. म्हणजे हा धंदा आतां परमुलखांतलाच राहिलेला नाहीं. त्याचे गुणदोष समजून घेण्यांत कमीपणा कसला?

बंदुकीचे जुने खेळ एखाद्या बोळासारखे असत. पुढें चालावें, समोर येईल त्यावर गोळी झाडावी, बोळ संपला कीं खेळ संपला. 'फार क्राय'चे अलीकडील भाग तसे नाहींत; ते मोकळ्या मुलखाचे खेळ आहेत. वसईकरांना समजेल असें सांगावयाचें तर, अर्नाळ्यापासून नायगांवच्या खाडीपर्यंत आणि तुंगारेश्वराच्या डोंगरापासून भुईगांवच्या किनाऱ्यापर्यंत सगळा मुलूख तुमच्यापुढें पसरून ठेवला आहे. कोणत्या वाटेनें जावयाचें, होडीनें कीं मोटारीनें, दिवसा कीं रात्रीं, हें तुमचें तुम्हीं ठरवावें. मुलूख शत्रूच्या हातीं आहे आणि नाक्यानाक्यावर त्याच्या चौक्या आहेत. अशा खेळांत खेळणाराला हवें तरी काय असतें? गोळ्या झाडणें हें वरवरचें. आपण ज्या वाटेनें गेलों त्या वाटेवर आपल्या जाण्याचा कांहीं ठसा राहावा, ही आंतली इच्छा असते.

या मालिकेचा पहिला खेळ क्रायटेक या जर्मन कंपनीनें २००४ सालीं काढला. दुसरा यूबीसॉफ्टच्या मॉन्ट्रियल येथील शाखेंत, क्लिंट हॉकिंग याच्या देखरेखीखालीं तयार होऊन २००८ च्या ऑक्टोबरांत बाहेर पडला. आफ्रिकेंतील एक निनांवी देश, तेथें माजलेली यादवी, दोन्ही पक्षांस शस्त्रें विकणारा 'जॅकल' नांवाचा व्यापारी, आणि त्याला ठार मारण्यास आलेला भाडोत्री शिपाई म्हणजे तुम्ही. या खेळाची हिंमत मोठी होती. नायक देशांत पाऊल ठेवतो न ठेवतो तोंच मलेरियानें फणफणतो, आणि पुढें सबंध खेळभर ऐन वेळीं डोळ्यांपुढें अंधारी येऊन गोळी घ्यावी लागते. (औषधाची, बंदुकीची निराळी.) शत्रूच्या हातची बंदूक उचलावी, तर ती गंजलेली निघते आणि भर चकमकींत अडकून बसते. नकाशा पाहावयाचा तर खेळ थांबत नाहीं. कागद हातांत धरून एक डोळा वाटेवर ठेवावा लागतो. वाळक्या गवतावर ठिणगी पडली तर वाऱ्याबरोबर वणवा पसरतो आणि लावणाऱ्यालाच घेरतो. परमुलखांत, दुसऱ्यांच्या लढाईंत, अंगांत ताप घेऊन हिंडणाऱ्या माणसाची दशा इतक्या सच्चेपणानें दाखविणारा खेळ आमच्या पाहण्यांत दुसरा नाहीं.

एवढें असून पुष्कळांच्या तोंडीं त्याविषयीं एकच तक्रार असे, आणि ती चौक्यांची. प्रत्येक तिठ्यावर चारसहा बंदूकवाले बसलेले. पाव तास खपून, दोनदां मरतां मरतां वांचून, चौकी मोकळी करावी. पुढें जाऊन नेमलेलें काम उरकावें. आणि त्याच वाटेनें परत यावें तों चौकी जशीच्या तशी! तितकेच लोक, तशाच बंदुका, जणूं कांहीं झालेंच नाहीं. बरें, चुकवून जाऊं म्हणावें तर मोटार घेऊन पाठीस लागतात. ज्या पक्षाचें काम तुम्ही करीत आहां त्या पक्षाचेही शिपाई तुमच्यावरच गोळ्या झाडतात. काम गुप्त आहे म्हणून, असा त्याचा खुलासा खेळांत केलेला आहे. खुलासा कागदावर ठीक दिसतो. पण अंगण झाडून मागें वळावें आणि पुन्हा तितकाच पाचोळा पडलेला दिसावा, असें रोज संध्याकाळीं दहादां झालें, तर कोणाच्याही हातांतील केरसुणी गळून पडेल.

युद्ध हें असेंच निष्फळ असतें, हेंच कर्त्याला दाखवावयाचें होतें, असा एक बचाव कांहीं जाणते लोक करतात. तो आम्हांस पटत नाहीं. निष्फळता दाखवावयाची तर ती पात्रांच्या वांट्याला यावी, खेळणाराच्या संध्याकाळीच्या नव्हे.

आणि युद्धाची गोष्ट काढावयाची तर ती वसईंत बसून काढणाऱ्याला आफ्रिकेपर्यंत जाण्याचें कारण नाहीं. चिमाजी आप्पांच्या फौजा या प्रांतांत उतरल्या त्या १७३७ सालीं. त्या पहिल्या हंगामांत ठाणें हातीं आलें, अर्नाळा आला. परंतु खुद्द वसईवर शिड्या लावून केलेले प्रयत्न फसले. पुढें केळवें-माहीमला घातलेला वेढाही उठवावा लागला. तीन बाजूंनीं पाणी असलेल्या वसईच्या किल्ल्याला समुद्रावरून मदत मिळत होती, आणि वसईहून ती इतर ठाण्यांना पोंचत होती. दुसऱ्या मोहिमेचा आरंभ पाहावा. जानेवारी १७३९ मध्यें तेंच माहीम घेतलें. पाठोपाठ केळवें, शिरगांव, तारापूर. तारापूरच्या हल्ल्यांत बाजी भिवराव पडले. मग वेसावें आणि वसईसमोर खाडीपलीकडील धारावी (मुंबईंतील नव्हे, उत्तनकडील). याप्रमाणें भोंवतालचीं ठाणीं एकामागून एक हातांत घेतल्यावर किल्ल्याच्या उत्तर अंगास खंदक खणीत, बुरुजांखालीं सुरुंग भरीत, मे महिन्यांत किल्ला पाडाव केला. या दोन हंगामांमध्यें शौर्य वाढलें होतें असें नाहीं. तें १७३७ मध्येंही कमी नव्हतें. फरक हा, कीं घेतलेलें ठाणें हातांत राहील अशी व्यवस्था झाली. १७३८ च्या अखेरीस पोर्तुगीजांनीं ठाणें परत घेण्याचा प्रयत्न केला, तो साधला नाहीं. तें ठाणें त्या वेळीं गेलें असतें, तर पुढच्या वर्षीं माहीम, तारापूर आणि वसई यांचें काय झालें असतें, याचा विचार ज्याचा त्यानें करावा.

खेळाच्या तिसऱ्या भागांत नेमकें हेंच शहाणपण दिसतें. तो २०१२ च्या अखेरीस, त्याच मॉन्ट्रियल शाखेंतून आला. आफ्रिका जाऊन पॅसिफिक महासागराच्या बाजूचीं काल्पनिक बेटें आलीं, आणि चौक्या मोजक्या झाल्या: एकंदर ३४. चौकी एकदां घेतली कीं ती तुमची. तेथील रक्यात नांवाचे लोक येऊन ती संभाळतात, नकाशावरील तिची खूण बदलते, शस्त्रें विकत घेण्याची आणि झटकन् तेथें येऊन पोंचण्याची सोय होते, आणि भोंवतालच्या वाटांवर शत्रूची वर्दळ ओसरते. काल जेथून लपतछपत गेलों, तेथून आज शीळ घालीत जातां येतें. तीच बंदूक, तोच शत्रु, पण आतां श्रमाला फळ आहे. शिवाय १८ ठिकाणीं रेडिओचे मनोरे आहेत. वर चढून यंत्र दुरुस्त केलें, कीं झांकलेला नकाशा तेवढ्यापुरता उघडतो.

चौक्या कायमच्या झाल्या म्हणून त्या घेण्याच्या तऱ्हाही वाढविणें भाग पडलें, आणि आमच्या मतें या भागांतील सर्वांत सरस भाग हाच. टेकडीवर पालथें पडून दुर्बिणीसारख्या कॅमेऱ्यानें एकेक पहारेकरी हेरून ठेवावा. धोक्याची घंटा आधीं निकामी करावी, म्हणजे कुमक येत नाहीं. पिंजऱ्यांत वाघ ठेवला असेल तर दुरून त्याचें दार गोळीनें उघडावें आणि पुढचें काम त्याच्यावर सोंपवावें. कोणाच्याही नजरेस न पडतां चौकी घेतली तर बक्षीस अधिक. दुसऱ्या भागांत हेरगिरीला नांवापुरती जागा होती. येथें तिला खरा भाव आला.

या भागांतील खलनायक व्हास यानें वेडेपणावर केलेलें एक भाषण फार प्रसिद्ध झालें आहे. तेंच तें पुन्हा पुन्हा करीत राहावें आणि निराळें फळ येईल अशी आशा धरावी, याला वेड म्हणतात, असा त्याचा आशय. हा टोला मागील भागाच्या चौक्यांना असेल असें आम्ही म्हणत नाहीं. पण त्या चौक्यांशीं रात्री घालविलेला कोणीही तें ऐकून हंसल्यावांचून राहणार नाहीं.

मात्र गोष्ट येथें संपत नाहीं. ३४ चौक्या घेऊन झाल्या, बेटें शांत झालीं, आणि खेळणारे तक्रार करूं लागले कीं आतां करावयास कांहीं उरलें नाहीं! तेव्हां २०१३ सालीं कंपनीनें एक सुधारणा पाठविली: ज्याला हवें त्यानें चौक्या पुन्हा शत्रूच्या स्वाधीन कराव्या आणि पहिल्यापासून घ्याव्या. म्हणजे ज्या दोषाला लोक कंटाळले होते, तोच दोष त्यांनीं मागून घेतला. यांत विसंगति आहे असें आम्हांस वाटत नाहीं. मांडलेला डाव आपण होऊन मोडणें निराळें आणि दुसऱ्यानें येऊन उधळणें निराळें. चौथ्या भागांत (२०१४, हिमालयांतील एक कल्पित राज्य) याहून बरी तोड काढली. तेथें घेतलेल्या चौकीवर शत्रु उलटून हल्ला करूं शकतो, पण त्या टापूंतील मुख्य गढी तुम्हीं पाडली कीं ते हल्ले थांबतात. शत्रु परत येतो तो कोठून येतो, हें यांत दिसतें, आणि त्याचें मूळ तोडतां येतें. खेळांतील या युक्तीचा वसईच्या इतिहासाशीं संबंध नाहीं हें उघड आहे. तरी किल्ल्याच्या तटावर उभें राहून खाडीपलीकडे पाहणाऱ्याला ती परकी वाटूं नये.

आतां दुसरी बाजू. दुरुस्तीच्या भरांत कर्त्यांनीं जें काढून टाकलें, तें सगळेंच दोष नव्हते. मलेरिया गेला. बंदुका चकचकीत झाल्या, त्या अडकत नाहींत. नकाशा उघडला कीं जग थांबतें. नायक कॅलिफोर्नियांतून सहलीला आलेला एक श्रीमंत तरुण. तो चार दिवसांत तेथील रहिवाशांपेक्षां शूर ठरतो, ही कल्पनाही आम्हांस ओशाळवाणी वाटली. दुसऱ्या भागांत दोन प्रकारचे त्रास होते. एक त्रास श्रम वायां घालवीत होता, दुसरा श्रमाला किंमत आणीत होता. अडकणारी बंदूक आणि अंगांतला ताप या दुसऱ्या प्रकारच्या गोष्टी. त्या होत्या म्हणून प्रत्येक गोळी विचार करून झाडावी लागे. कर्त्यांनीं दोन्ही एकाच सुपांत घालून पाखडले. कचरा गेला, पण त्याबरोबर थोडे दाणेही गेले.

आणि उरलेल्या दाण्यांचें पीक इतकें काढलें कीं लोकांस वीट आला. मनोऱ्यावर चढून नकाशा उघडण्याची युक्ति या कंपनीनें इतक्या खेळांतून वापरली, कीं २०१८ सालच्या पांचव्या भागांत आरंभींच भेटणारें एक पात्र नायकाला आश्वासन देतें: सगळ्या मुलखांतले मनोरे चढावयास मी तुला लावणार नाहीं! आपल्या खोडीची थट्टा आपणच करणें हा शहाणपणाचा एक प्रकार आहे, मोठा नसला तरी.

वडील मंडळींस एक व्यवहाराची गोष्ट सांगतों. तिसऱ्या भागावर युरोपांत अठरा वर्षांखालील मुलांस मनाई असल्याचा शिक्का आहे, तो पाळावा. त्यांतील रक्तपात आणि कांहीं प्रसंग लहानांनीं पाहण्याजोगे नाहींत. घरांतील मोठ्या मुलाची गोष्ट वेगळी. पान वाढल्याची हांक मारली आणि 'एवढी चौकी झाली कीं येतों' असें आंतून उत्तर आलें, तर भाग कितवा चालला आहे तें आधीं विचारावें. दुसरा असेल तर सरळ उठवावें, कारण तेथील चौकी कधींच 'होत' नाहीं. तिसरा असेल तर खुशाल पोळ्या लाटावयास घ्याव्या. चौथी पोळी तव्यावरून उतरेपर्यंत तो पाटावर येऊन बसतो.